पावसाळ्यातील त्वचेची बुरशी : शिक्षकाने काय ओळखावे

आपल्या जिल्ह्यात आगोटीपासून भाद्रपदाच्या अखेरीपर्यंत मुलांचे कपडे क्वचितच पुरते वाळतात. पऱ्ये ओलांडून व लावणीचा चिखल तुडवून आलेली मुले ओल्याच गणवेशाने सायंकाळपर्यंत वर्गात बसतात. या दिवसांत अंग खाजविणाऱ्या मुलांची संख्या वाढते, हे प्रत्येक शिक्षकाच्या नजरेस येत असेलच. खाजविण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी बुरशी कोणती, हे शिक्षकास सामान्यपणे ओळखता यावे.

गजकर्ण अथवा नायटा हा या विकारांतील मुख्य होय. ही बुरशी शरीरात खोल शिरत नाही. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, केस व नखे यांतील केराटिन नावाच्या द्रव्यावर ती जगते. एका ठिकाणी रुजून ती चोहोबाजूंस सरकत जाते. म्हणून चट्टा गोल होतो. त्याची कड लालसर, किंचित उंच व कोंडा सुटणारी असते आणि मधला भाग निवळलेला दिसतो. कमरेस करगोटा किंवा नाडी आवळते ती जागा, जांघा, काखा व मानेची मागील बाजू येथे तो प्रथम शोधावा. घाम आला की खाज वाढते.

डोक्यावर हीच बुरशी आली म्हणजे केस मुळाशी तुटून वाटोळी जागा उघडी पडते, तेथे खवले धरतात व क्वचित पू होतो. प्राथमिक शाळेच्या वयातच हा विकार अधिक आढळतो. बुरशी केसाच्या मुळात असल्यामुळे येथे केवळ मलम पुरत नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पोटात औषध घ्यावे लागते. पायांच्या बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. छातीपाठीवरील शिबे हाही बुरशीचाच प्रकार, परंतु तो निरुपद्रवी असून एकाचा दुसऱ्यास लागत नाही. गालावर फिकट डाग दिसताच मुलास जंत झाले असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या डागांचा जंतांशी संबंध नसतो आणि बहुधा बुरशीशीही नसतो.

खरूज निराळी. तिची खाज रात्री असह्य होते, बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर बारीक पुरळ येतो आणि बहुधा घरातील इतर माणसेही खाजवीत असतात. याहून महत्त्वाचा भेद कुष्ठरोगाचा. फिकट किंवा तांबूस चट्टा असून तेथे खाज नाही, घाम येत नाही, स्पर्श नीट कळत नाही, असे दिसल्यास ते गजकर्ण समजून स्वस्थ बसू नये. संवेदनेची परीक्षा आरोग्य कर्मचाऱ्यांनी करावयाची आहे. शिक्षकाने वर्गात टाचणी टोचून पाहू नये. कुष्ठरोगावरील औषध शासकीय दवाखान्यांत विनामूल्य मिळते व वेळीच घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

अलीकडे ओळखण्याचे हे काम कठीण झाले आहे, आणि त्यास बाजारातील मिश्र मलमे बऱ्याच अंशी कारण आहेत. दुकानातून मागून आणलेल्या, किंवा गणपतीस आलेल्या चाकरमान्याने कौतुकाने दिलेल्या नळीत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइडही असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि घरात समाधान पसरते. परंतु त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशीस मोकळे रान मिळते. चट्ट्याची कड पुसट होते, तो वेडावाकडा पसरतो, त्वचा पातळ होते व जांघेत कायमचे वळ उमटतात. केंद्र शासनाने २०१८ साली अशा अनेक स्टिरॉइड मलमांस डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. तरीही ती सहज हाती पडतात. २०२० साली जपानमधील संशोधकांनी एका भारतीय व एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधास दाद न देणारी बुरशी वेगळी केली आणि तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. आपल्या देशाचे नाव असे बुरशीस लागावे, हे काही भूषण नव्हे.

टाकळ्यास संस्कृतात दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे नाव आहे. त्याची कोवळी भाजी खुशाल खावी; पण बियांच्या लेपावर विसंबून मुलाचे उपचार लांबवू नयेत. २०२१ साली कोरोनाच्या काळात ज्या काळ्या बुरशीने भीती पसरविली, ती बुरशी वेगळी. गजकर्णातून ती उद्भवत नाही, असे पालकांस अवश्य सांगावे.

चट्टा दिसलेल्या मुलास वर्गात उभे करू नये, वेगळ्या बाकावर बसवू नये. एकदा बोट दाखविले गेले की मूल चट्टा झाकू लागते, आणि पुढे शाळेसच येईनासे होते. पालकांस एकांतात बोलवावे. पंचा, कंगवा व अंथरूण वेगळे ठेवणे, घरातील सर्व खाजविणाऱ्यांनी एकाच वेळी औषध घेणे, ऊन नसल्यास कपडे चुलीजवळच्या दोरीवर वाळवून इस्त्री करणे, या गोष्टी त्यांस समजावून द्याव्यात. औषध अनेक आठवडे चालते. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर ते सोडू नये.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा मुलाचे नाव, चट्टा प्रथम दिसल्याची तारीख व जागा यांचे टिपण त्यांच्या हाती द्यावे. पथकास अवकाश असल्यास मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि घरी वापरलेली मलमाची नळी, रिकामी झाली असली तरी, सोबत नेण्यास सांगावे.