हिऱ्याच्या अंगठीची कोंदणे

कोंदण म्हणजे दागिन्यात रत्न पक्के बसविण्यासाठी त्याच्याभोवती केलेली धातूची बैठक होय. हिऱ्याची चमक आणि तो निखळण्याचा धोका या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी कोंदणावर अवलंबून असतात. योग्य व्यक्तीस योग्य स्थान मिळाले, की मराठीत कोंदणातील हिऱ्याची उपमा दिली जाते.

पारंपरिक पद्धत

कुंदन पद्धतीत शुद्ध सोन्याच्या मऊ पट्ट्या खड्याभोवती दाबून त्याला धरून ठेवतात. खड्याखाली चकाकता वर्ख व पोकळीत लाख असते. मागील बाजू बंद असल्याने खड्याचा खालचा भाग तपासता येत नाही. लाख उष्णतेने मऊ होत असल्याने असा दागिना तापवू नये.

आधुनिक प्रकार

- नख्यांचे कोंदण : चार किंवा सहा नख्या हिऱ्याला उचलून धरतात. सर्व बाजूंनी प्रकाश मिळाल्याने हिरा अधिक चमकतो. सहा नख्यांचे प्रसिद्ध कोंदण टिफनी कंपनीने 1886 मध्ये आणले. नख्या कपड्यात अडकतात व कालांतराने झिजतात.
- पट्टीचे कोंदण : धातूची सलग पट्टी हिऱ्याच्या कडेला वेढते. हे सर्वांत सुरक्षित मानले जाते.
- चॅनल : सारख्या आकाराचे लहान हिरे दोन समांतर भिंतींमधील खाचेत ओळीने बसवितात.
- पावे : अनेक बारीक हिरे धातूच्या सूक्ष्म दाण्यांनी जवळजवळ जडवितात. त्यातील एखादा हिरा गळाल्यास लवकर लक्षात येत नाही.

निवड व निगा

हिरा सर्वांत कठीण नैसर्गिक खनिज असला, तरी विशिष्ट दिशेने आघात झाल्यास तो दुभंगू शकतो. त्यामुळे टोकदार कोपरे झाकणारे कोंदण आवश्यक ठरते. पुणे जिल्ह्यातील बारामती, इंदापूर यांसारख्या ऊसशेतीच्या तालुक्यांत शेतात, गोठ्यात किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांना रोजच्या वापरासाठी पट्टीचे बसके कोंदण अधिक सोयीचे असते.

22 कॅरट सोने (91.6 टक्के) मऊ असल्याने हिऱ्यांच्या अंगठ्यांसाठी बहुधा 18 कॅरट सोने (75 टक्के) वापरतात. सोन्याची शुद्धता मोजण्याचा कॅरट आणि हिऱ्याचे वजन मोजण्याचा कॅरट (200 मिलिग्रॅम) भिन्न आहेत. म्हणून पावतीत सोन्याचे निव्वळ वजन व हिऱ्याचे वजन स्वतंत्रपणे नोंदलेले असावे. अन्यथा हिऱ्याचे वजन सोन्याच्या भावाने मोजले जाण्याची शक्यता राहते. 2021 मध्ये हॉलमार्क सक्तीचा करताना कुंदन, पोलकी व जडाव दागिन्यांना त्यातून वगळण्यात आले. त्यामुळे अशा दागिन्यांच्या खरेदीत सविस्तर पावतीचे महत्त्व अधिक असते.