‘अ‍ॅसिडने रंग जातो’ : खरंच?

पक्ष्याच्या विष्ठेत अ‍ॅसिड असतं, म्हणून गाडीचा रंग जातो, हे तुम्हीही ऐकलं असेल. बाबांच्या गाडीवर डाग दिसला तेव्हा मीही तेच म्हटलं, आणि सुक्या फडक्याने घासून वर ओरखडेही पाडले!

पण विष्ठेतलं युरिक आम्ल पाण्यात जेमतेम विरघळतं. मग दोष कोणाचा? इराणमधल्या संशोधकांनी रंगावरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर, विष्ठेऐवजी पॅनक्रिएटिन हे पाचक विकरांचं मिश्रण लावून पाहिलं. नुकसान तशाच प्रकारचं झालं. विकरं पॉलिमरचे बंध तोडतात. दुसरं कारण ऊन: थर मऊ पडतो, वर विष्ठा वाळून आकसते आणि तिचा ठसा उमटतो.

ही तिन्ही कारणं वेगळी कशी कराल? एक नमुना उकळून घ्या, विकरं निकामी होतील. एक वाळू देऊ नका. एकावर तेवढ्याच पीएचचं नुसतं द्रावण ठेवा. ‘सगळ्यांना माहीत असलेलं’ कारण असं तपासायचं असतं.

आणि डाग? ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग अलगद उचला. घासू नका.