क्लच घसरतोय? खर्च करण्याआधी हे तपासा. जुन्या मोटारसायकलच्या क्लच प्लेटांची सोपी माहिती

वडोदरा : पावसाळा सुरू झाला की अलकापुरीच्या गरनाळ्याजवळ दुचाकींची रांग लागते. स्टेशनच्या रुळांखालून जाणाऱ्या या वाटेत पाणी भरलं की सगळी गर्दी वळसा घालून जाते आणि प्रत्येक गाडी हाफ क्लचवर पुढे सरकत राहते. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीचा क्लच अशाच ठिकाणी जीव सोडतो. इंजिन ओरडतं, पण गाडी काही उचलत नाही.

वडोदऱ्याच्या मराठी घरांत, तसंच नवापूर-नंदुरबारकडच्या अनेक घरांत जुनी स्प्लेंडर, सीडी १०० किंवा आरएक्स १०० आजही रोजच्या कामाला असते. अशा गाडीचा क्लच गेला की धंद्याची फेरी थांबते. त्यामुळे दोष नेमका कुठे आहे, हे मालकाला ठाऊक असलेलं बरं.

क्लच करतो काय?

इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणं आणि गरज पडेल तेव्हा तोडणं, एवढंच क्लचचं काम. एका डब्यात घर्षणाचा थर असलेल्या प्लेटा आणि साध्या स्टीलच्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. लिव्हर ओढली की दाब सुटतो आणि प्लेटा मोकळ्या होतात. हाफ क्लचवर त्या अर्धवट दाबाखाली एकमेकींवर घासत राहतात. त्यातून उष्णता वाढते आणि थर झिजतो.

घसरतोय की चिकटतोय?

हे दोन वेगळे दोष आहेत. वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आवाज वाढला पण वेग वाढला नाही, चढावर दम लागला, जळका वास आला, तर क्लच घसरतोय. उलट लिव्हर पूर्ण ओढूनही गाडी पुढे सरकत असेल, गिअर खटकन पडत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर प्लेटा चिकटत आहेत.

ज्या जुन्या गाड्या फक्त न्यूट्रलमध्येच किकने सुरू होतात, त्यांत किकचा जोर क्लचमधूनच जातो. अशा गाडीत किक पोकळ जात असेल, तर क्लच घसरण्याची शंका घ्यावी.

इंजिन उघडण्याआधी दोन गोष्टी

पहिली, क्लच वायर. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर ढील हवी. वायर ताणलेली असेल तर लिव्हर न ओढताही प्लेटांवरचा दाब कमी होतो आणि चांगल्या प्लेटाही घसरतात. वायर फार ढिली असेल तर त्या सुटत नाहीत. हे दुरुस्त करायला एक पाना आणि पाच मिनिटं पुरतात.

दुसरी, ऑईल. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारसाठीच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात; त्यांनी क्लच घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं आहे का, ते पाहावं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडून शहरात पाणी शिरलं, तेव्हा अनेक गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीचं ऑईल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. जुनी गाडी विकत घेतानाही हे पाहून घ्यावं.

प्लेटा बदलताना

इंजिन थंड असू द्यावं आणि ऑईल काढावं. स्प्लेंडर, आरएक्ससारख्या गाड्यांत क्लच उजव्या बाजूला असतो. जुन्या बुलेट आणि येझदीत डाव्या. उजव्या बाजूच्या कामात किक काढावी लागते. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवावा.

स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत काढावेत. काही इंजिनांत मधला खाचेदार नट काढल्याशिवाय प्लेटा बाहेर येत नाहीत. त्याला खास पाना लागतो. छिन्नी-हातोडा चालवला की नट आणि शाफ्ट दोन्ही खराब होतात. पाना नसेल तर हे काम मिस्त्रीकडेच द्यावं. प्लेटा निघतील त्या क्रमाने मांडाव्यात आणि फोटो काढून ठेवावा.

आता तपासणी :

• घर्षण प्लेटा : व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी जाडी मोजावी. अनेक गाड्यांत नवी प्लेट ३ मिलिमीटरच्या आसपास असते. झिजेची मर्यादा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. थर काळा, चकचकीत किंवा तुटका असेल तर जाडी पुरेशी असूनही प्लेट बाद.

• स्टील प्लेटा : सपाट काचेवर ठेवून खाली फीलर गेज सरकवावा. बऱ्याच गाड्यांत ०.२ मिलिमीटरच्या वर वाक चालत नाही. निळे डाग म्हणजे प्लेट तापून गेलेली.

• स्प्रिंगा : सगळ्यांची लांबी मोजावी. आखूड झाल्या असतील तर पूर्ण सेट बदलावा.

• क्लचचा डबा : प्लेटांचे कान जिथे बसतात तिथे खोल खाचा पडल्या असतील तर नव्या प्लेटाही अडकतात. हलक्या खाचा कानशीने साफ होतात. खोल असतील तर डबा बदलणंच योग्य.

नव्या घर्षण प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑईलमध्ये भिजवाव्यात. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळण्याचा धोका असतो. जुनं पॅकिंग खरवडताना कव्हरला ओरखडा पडू देऊ नये, नाहीतर तिथून ऑईल गळतं. स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा आळीपाळीनेच आवळावेत. ताकद लावून जास्त आवळले तर ॲल्युमिनियममधले आटे जातात. स्प्लेंडरसारख्या इंजिनात याच कव्हरमागे फिरता ऑईल फिल्टर असतो. कव्हर उघडलंच आहे तर तोही साफ करून घ्यावा. शेवटी नवं ऑईल, वायरची ढील आणि सुरुवातीचे काही दिवस सावकाश चालवणं.

गॅरेजमध्ये काय विचारावं?

फक्त प्लेटा बदलणार की स्प्रिंगाही? डबा पाहिला का? पॅकिंग नवं का? हे आधी विचारावं आणि काढलेल्या प्लेटा परत मागाव्यात. त्या हातात घेतल्या की खर्च खरंच लागणार होता का, ते कळतं. काढलेलं ऑईल गटारात ओतू नये. वडोदऱ्याच्या विश्वामित्रीत मगरी राहतात, आणि गटारातलं तेल शेवटी अशाच पाण्याला मिळतं. ते डब्यात भरून वापरलेलं ऑईल घेणाऱ्याकडे द्यावं.

नव्या प्लेटा टिकवायच्या तर सवय बदलावी लागेल. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, चढावर क्लचवर गाडी तोलू नका, आणि चालवताना चारही बोटं लिव्हरवर टेकवून ठेवू नका.