सोयाबीनचं पोतं आणि तेलाची पिशवी

‘बाहेरून तेल आणतात, म्हणून आमचा भाव पडतो.’ सोयाबीन हमीभावाखाली गेलं की लातूरच्या आडतीवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण निम्मंच.

क्विंटलभर सोयाबीन गाळलं तर तेल निघतं १८ किलोच्या आसपास. उरते ती पेंड, ८० किलोच्या घरात, आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेल किलोमागे १० रुपयांनी चढलं तर क्विंटलला १८० रुपये जास्त सुटतात. पेंड तेवढीच उतरली तर ८०० रुपये जातात. म्हणूनच सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क ५.५वरून २७.५ टक्क्यांवर नेलं, तेल महागलं, तरी बाजारात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिलं. ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड स्वस्त, त्यामुळे आपली निर्यात अडते. शिवाय इथल्याच इथेनॉल कारखान्यांतला मक्या-तांदळाचा चोथा, म्हणजे पोल्ट्रीवाल्यांचं ‘डीडीजीएस’, खाद्यात शिरला. भाव पाडणाऱ्यांतला एक जण तर घरचाच निघाला!

दुसरा समज असा, की आयातीने शेतकरी बुडतो आणि गिऱ्हाईक तरतं. पण हे दोघे वेगळे राहतात कुठे? पोतं विकून घरी निघालेला शेतकरी वाटेत किराणा दुकानातून तेलाची पिशवी घेतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं: पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोया अर्जेंटिना-ब्राझीलचं. वाढलेल्या शुल्काचा भार शेतकऱ्याने पिशवीवर सोसला. पोत्यावर तो भरून निघाला नाही.

खरा फटका बसला होता तो ऑगस्ट २०२१मध्ये, आणि तो तेलाचा नव्हता. सोयाबीन तेजीत होतं, नवं पीक काढणीच्या तोंडावर, आणि सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली. आपल्याकडे हेक्टरी जेमतेम टनभर सोयाबीन होतं, असंच वाण पेरणाऱ्या ब्राझीलमध्ये तीन टनांच्या वर. त्या वाणाची पेंड चालली, पण ते बियाणं इथे पेरायला परवानगी नाही. हा न्याय कुणी समजावून सांगावा. मात्र त्या पेंडीसाठी दिल्लीला साकडं घालणारे परदेशी व्यापारी नव्हते. खाद्य महागल्याने पिंजरे रिकामे ठेवायची वेळ आलेले आपलेच कोंबडीपालक होते.