डीपीआय नंतर, आधी हात मोजा!

खोक्यावरचे आकडे मोठे, लाइट सात रंगांचे आणि खिशातले पैसे मोजकेच. नवा गेमिंग माऊस घेताना पाहायचं काय आणि सोडून द्यायचं काय?

‘भावा, कुठला माऊस घेऊ?’

कॉलेजच्या ग्रुपवर हा प्रश्न टाकून बघा. पाच मिनिटांत बारा उत्तरं येतील. एक म्हणेल, सोळा हजार डीपीआयवाला घे. दुसरा म्हणेल, वायरलेसच घे, वायरचे दिवस गेले. तिसरा कुठल्यातरी स्ट्रीमरच्या माऊसची लिंक टाकेल, आणि तिथली किंमत बघून तुम्ही गपगुमान फोन खाली ठेवाल. घरात विचारायची तर सोयच नाही. ‘एका उंदराला एवढे पैसे?’ हे वाक्य तयारच असतं.

त्या वाक्यात थोडं तथ्य आहे, बरं का. गेमिंग माऊस पाच-सहाशेलाही मिळतो आणि पंधरा हजारांच्या वरही जातो. महाग माऊस घेतला म्हणजे रँक वाढली, असं होत नाही. चांगला माऊस एवढंच करतो, की तुम्ही हात हलवला तेवढाच, तिथेच आणि त्याच क्षणी तो हलतो. तुमच्या खेळात तो मध्ये येत नाही. हे काम करणारा माऊस मध्यम बजेटमध्येही मिळतो. फक्त तो खोक्यावरचे आकडे वाचून सापडत नाही.

आधी जुन्याला एक चान्स द्या

पैसे काढण्याआधी खात्री करा, की दोष माऊसचाच आहे. माऊस उलटा करा. खाली जो छोटा डोळा दिसतो, त्यात केस किंवा धूळ अडकली असेल तर कर्सर उड्या मारतो. कोरड्या कापसाने हलकेच पुसा. मग विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये जा आणि ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय बंद करा. नाव भारदस्त असलं तरी हा पर्याय चालू असताना हात जोरात हलवला की कर्सर जास्त लांब जातो आणि हळू हलवला की कमी. म्हणजे अंतर तेच, पण निकाल दरवेळी वेगळा. नेमबाजीच्या गेममध्ये हाताला सवय लागणार कशी? काही गेम ही सेटिंग ओलांडून माऊसची हालचाल थेट वाचतात, पण सगळे नाही.

तिसरी गोष्ट, पॅड. सनमायका, काच किंवा वर्तमानपत्राच्या घडीवर माऊस फिरवत असाल तर महागडा सेन्सरही गोंधळेल. ऑप्टिकल माऊस म्हणजे एक इवलासा कॅमेराच असतो. खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढून तो आपण किती सरकलो ते ठरवतो. चकचकीत काचेवर त्याला ओळखीची खूणच सापडत नाही. एक मोठा कापडी पॅड घ्या. माऊसच्या मानाने किरकोळ खर्चात खेळात फरक जाणवेल.

एवढं करूनही एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतंय, किंवा ड्रॅग करताना मध्येच सुटतंय? मग बटणाखालचा स्विच झिजलाय. आता नवा बघायला हरकत नाही.

डीपीआयचं गणित

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो तो डीपीआय. माऊस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला किती पावलं कळवतो, तो हा आकडा. ८०० डीपीआयवर एक इंच म्हणजे ८०० पावलं. नेहमीचा फुल एचडी स्क्रीन आडवा १९२० पिक्सेलचा असतो. म्हणजे विंडोजचा वेग मधोमध ठेवला तर कर्सर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायला २.४ इंच हात हलवावा लागतो. आता १६,००० डीपीआय लावा. तोच प्रवास ०.१२ इंचात, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरमध्ये संपतो. शिंक आली तरी कर्सर स्क्रीनच्या पार!

व्हॅलोरंटमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. ८०० डीपीआय आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी ०.४ ठेवली, तर जागच्या जागी पूर्ण गोल वळायला माऊस साधारण ४१ सेंटीमीटर सरकवावा लागतो. सेन्सिटिव्हिटी तीच ठेवून डीपीआय १६,००० केला तर दोन सेंटीमीटर. दोन सेंटीमीटरमध्ये ३६० अंश, आणि त्यात समोरच्याचं डोकं टिपायचं. जमेल? म्हणूनच व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक खेळणारे बहुतेक प्रोफेशनल खेळाडू ४०० ते १६०० च्या दरम्यान राहतात. हे आकडे आज स्वस्तातल्या चांगल्या माऊसमध्येही मिळतात. त्यामुळे वीस हजार, तीस हजार डीपीआयसाठी वेगळे पैसे मोजू नका.

खरा प्रश्न सेन्सर कोणता, हा आहे. हात झटकन फिरवला तरी तो वाट चुकत नाही ना, आणि स्वतःच्या मनाने रेषा सरळ करत नाही ना, एवढं बघा. नावाजलेल्या कंपन्या सेन्सरचं नाव सांगतात. तैवानच्या पिक्सआर्ट कंपनीचे सेन्सर अनेक ब्रँड वापरतात. लॉजिटेकचा स्वतःचा ‘हिरो’ आहे. खोक्यावर नुसतं ‘हाय प्रिसिजन गेमिंग सेन्सर’ लिहिलंय आणि नावच नाही, तर समजून जा.

तुमचा हात केवढा?

आता मुद्द्याचं. पट्टी घ्या. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. साधारणपणे सतरा सेंटीमीटरच्या आत असेल तर हात लहान, वीसच्या पुढे असेल तर मोठा. गेमर मंडळींचा एक ढोबळ ठोकताळा आहे: हाताच्या लांबीच्या साठ टक्के माऊसची लांबी. हात साडेअठरा सेंटीमीटर असेल तर माऊस अकराच्या आसपास. हा नियम नव्हे, पण लिस्ट छोटी करायला कामाला येतो.

मग पकड बघा. आत्ता हातात माऊस असेल तर त्याच्याकडे न बघता नेहमीसारखा धरा आणि मग खाली बघा. पूर्ण तळवा माऊसवर टेकलाय? ही पाम ग्रिप. हिला लांब, पाठीवर फुगीर माऊस हवा. तळव्याचा मागचा भाग टेकलाय आणि बोटं पंजासारखी वाकलीत? ही क्लॉ ग्रिप. मध्यम आकाराचा, मागे उंचवटा असलेला माऊस तिला चालतो. तळवा हवेत आणि नुसती बोटांची टोकं टेकलीत? ही फिंगरटिप. हिला छोटा आणि हलका माऊसच लागतो. पकड चांगली-वाईट नसते. पण लहान हाताच्या मुलीने दादाच्या पंजाच्या मापाचा माऊस घेतला, तर बाजूच्या बटणापर्यंत अंगठाच पोचणार नाही.

आकार किती महत्त्वाचा, याचं उदाहरण रेझरच्या डेथॲडरचं. हा माऊस २००६ साली आला. तेव्हापासून त्याचा सेन्सर, वजन, वायर सगळं बदलत गेलं. उजव्या हाताला धरून बसणारा तो आकार मात्र कंपनीने थोडेफार फेरफार करत चालूच ठेवला. लोक त्या आकारासाठीच तो पुन्हा घेतात. डावखुऱ्यांनी इथे सावध राहा. असा एका बाजूला झुकलेला माऊस तुमच्या उपयोगाचा नाही. दोन्हीकडून सारखा असलेला घ्या आणि बाजूची बटणं कुठल्या अंगाला आहेत तेही बघून घ्या.

वजनाचंही तसंच. आपल्याकडे जड म्हणजे दणकट अशी समजूत असते. माऊस उचलून बघितला की ‘वजन आहे, भारी आहे’ असं निघतंच तोंडातून. पण जो डाव संपेपर्यंत शेकडो वेळा उचलून पुन्हा ठेवायचा, तो हलका असलेला बरा. लॉजिटेकचा जी ५०२ हिरो १२१ ग्रॅमचा, जी १०२ वायर सोडून ८५ ग्रॅमचा, आणि २०२० मध्ये आलेला जी प्रो एक्स सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत. नेमबाजीचे गेम खेळत असाल तर हलक्याकडे जा. डोटा किंवा स्ट्रॅटेजी गेम खेळत असाल, तर वजनापेक्षा हाताला सोपी पडणारी जास्तीची बटणं उपयोगी. आणि फक्त फुटबॉल किंवा रेसिंग खेळत असाल, तर सरळ सांगायचं तर माऊस राहू द्या, कंट्रोलर घ्या.

वायर ठेवू की काढू?

वायरलेस म्हणजे उशिराने चालणारा, हे आता जुनं झालं. चांगल्या गेमिंग माऊससोबत येणारा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल वायरच्या तोडीस तोड चालतो. मात्र ब्लूटूथ वेगळं. ते ऑफिसच्या कामाला ठीक, गेमला नाही. त्यामुळे नुसता ‘वायरलेस’ शब्द वाचून घेऊ नका, डोंगल आहे का ते विचारा. डोंगल कॅबिनेटच्या मागे, यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी खुपसला तर सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो. पॅडच्या जवळ आणा. आणि बजेट कमी असेल तर बिनधास्त वायरचा घ्या. त्याच पैशात सेन्सर चांगला मिळतो. वायर मऊ, विणलेली असली आणि ती टेबलाच्या कडेला अडकत नसली की झालं.

आणखी एक आकडा दिसेल, पोलिंग रेट. माऊस सेकंदाला किती वेळा कॉम्प्युटरला आपली खबर देतो, तो हा. १२५ हर्ट्झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, १००० म्हणजे दर एका मिलिसेकंदाने. हा फरक कामाचा आहे, १००० हवाच. पण ८००० हर्ट्झचा मोह टाळा. तुमचा ६० हर्ट्झचा मॉनिटर जवळपास १७ मिलिसेकंदांनी एकदा चित्र बदलतो. शिवाय एवढ्या खबरा वाचताना जुन्या प्रोसेसरवरचा ताण वाढतो, तो वेगळाच.

दुकानात जा, हात लावा

ऑनलाइन सेलमध्ये किंमत उतरते, मान्य. पण आकार फोटोत कळत नाही. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, नाहीतर तुमच्या गावातलं मोठं कॉम्प्युटरचं दुकान गाठा. डेमोचा माऊस मागा, किंवा ज्या मित्राकडे, गेमिंग कॅफेत तो आहे तिथे तासभर खेळा. मिनिटभर धरून काही समजत नाही. घाम आल्यावर हातातून सटकतो का, करंगळी पॅडवर घासते का, हे तासाभरानेच कळतं.

दुकानदार म्हणेल, ‘बिलाशिवाय घे, दोनशे कमी करतो.’ नको. माऊसमध्ये सगळ्यात आधी स्विच जातो आणि तेव्हा वॉरंटी लागते. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी कोण देणार, कंपनी की दुकान, ते विचारा. नामवंत ब्रँडचा माऊस निम्म्या किमतीत मिळत असेल तर तो बनावट असण्याची शक्यता धरून चाला. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

मनगट बदलून मिळत नाही

शेवटी एक गोष्ट, जी कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून एक नस अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाकडे जाते. मनगट तासन्‌तास वाकडं ठेवून टेबलाच्या कडेवर दाबलं तर तिथे दाब येतो. आपण खेळतो कुठे? उंच डायनिंग टेबलवर, बुटक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. खुर्चीवर उशी टाका, कोपर टेबलाच्या पातळीला आणा, मनगट सरळ ठेवा. डीपीआय कमी असला की हालचाल कोपरातून होते, मनगटाला आराम मिळतो. दोन मॅचच्या मध्ये उठा, हात मोकळा करा. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर नवा माऊस शोधू नका. डॉक्टरांकडे जा.

खरेदीला निघताना

* हाताची लांबी आणि तुमची पकड लिहून घ्या.
* कोणता गेम सगळ्यात जास्त खेळता, ते स्वतःला खरं सांगा.
* सेन्सरचं नाव, वजन आणि १००० हर्ट्झ, एवढे तीनच आकडे-शब्द खोक्यावर शोधा.
* बजेटमधले थोडे पैसे मोठ्या पॅडसाठी बाजूला काढा.
* घरी आल्यावर ८०० डीपीआय लावा आणि दोन आठवडे सेटिंगला हात लावू नका. रोज सेटिंग बदललं तर हाताला सवय लागायची कधी?
* बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई वॉरंटी संपायच्या आधी उडते!