संत्र्याचा रस पुरेसा का पडत नाही?

बोरगाव हे नागपूर-छिंदवाडा मार्गावरील, सौंसर तालुक्यातील गाव. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात ते येते. राज्य मध्य प्रदेश असले तरी या पट्ट्यातील अनेक घरांची बोली मराठी, आणि शिवारात संत्र्यांच्या बागा. अशा मुलखात कोणाला भोवळ आली की संत्र्याचा रस किंवा साखरपाणी पुढे केले जाते. गोव्यातील घरांतही चित्र वेगळे नसते; संत्र्याच्या जागी लिंबाचे सरबत येते, एवढेच.

हा उपाय चुकीचा नाही. रक्तातील साखर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी मानली जाते आणि 54 च्या खाली गेल्यास स्थिती गंभीर ठरते. शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला अर्धा कप रस किंवा तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम शर्करा दिल्यास पंधरा मिनिटांत फरक दिसू लागतो. पण ही भोवळ दीर्घकाळ न जेवल्यामुळे येत असेल, तर रसाने मिळणारा आधार फार काळ टिकत नाही. त्याचे कारण शरीराच्या कोठारात आहे.

आपण जेवतो तेव्हा जास्तीची शर्करा ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात साठते. हा साठा साधारण शंभर ग्रॅमचा असतो आणि एक दिवसाच्या उपवासात तो बहुतांशी संपतो. मेंदूला मात्र एरवी दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. साठा संपल्यावर शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून ग्लुकोज तयार करते. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या व्यक्तीचे स्नायूही झिजलेले असतात. तेव्हा कोठार रिकामे आणि ते भरण्याचा कच्चा मालही संपलेला, अशी अवस्था होते.

लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी 1873 साली ज्या आजाराला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले, त्यात नेमके हेच घडते. वजन वाढण्याच्या तीव्र भीतीपोटी रुग्ण खाणे कमी करत जातो. बुलिमियाचा मार्ग निराळा आहे. त्यात भरपूर खाल्ल्यावर उलटी केली जाते. अन्न आत जाताच शरीर इन्सुलिन सोडू लागते; अन्न बाहेर पडले तरी सुटलेले इन्सुलिन काम करतच राहते आणि साखर घसरू शकते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी जेवण टाळल्यास हा धोका अधिकच वाढतो.

घरच्यांची फसगत होते ती लक्षणांपाशी. घाम, थरथर, धडधड, चिडचिड ही नेहमीची चिन्हे. पण वारंवार साखर घसरलेल्या शरीराला ती अवस्था अंगवळणी पडते आणि इशारे मंदावतात. मग थेट गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा झटका हेच पहिले लक्षण ठरू शकते. एका तपासणीत साखर ठीक आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक आडपडदा आहे, तो उपवासाचा. नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी यांत न जेवण्याला मान असतो. श्रद्धेने केलेला उपवास म्हणजे आजार नव्हे. पण व्रत संपल्यावरही पानावर बसण्याची टाळाटाळ, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणे, सतत थंडी वाजणे, पाळी बंद होणे, आरशापुढे ‘मी जाडच आहे’ असा हट्ट ही चिन्हे दिसू लागली, तर ‘मुलगी फार नेमाची’ म्हणून कौतुक करू नये. हा आजार मुलांनाही होतो, हेही ध्यानात ठेवावे.

अशा वेळी ‘आता पोटभर खाऊ घालू’ हा प्रेमळ आग्रहही घातक ठरू शकतो. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घटतात व हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज देताना थायमिन, म्हणजेच जीवनसत्त्व ब-1, आठवणीने दिले जाते. साखर वाढवण्यासाठी वापरले जाणारे ग्लुकागॉनचे इंजेक्शन यकृतातील साठाच मोकळा करते. साठा रिकामा असेल तर त्याचा उपयोग फारसा होत नाही. म्हणूनच रुग्ण किती दिवस नीट जेवलेला नाही, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे.

व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये. कुशीवर वळवून 108 ला फोन करावा. शुद्धीवर असेल तर गोड पेय, त्यानंतर थोडे अन्न आणि त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी, हा क्रम ठेवावा. बोरगाव-सौंसरकडच्या कुटुंबांना मोठ्या उपचारांसाठी नागपूर जवळ पडते. गोव्यात बांबोळी येथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि मनोरुग्णोपचार संस्था ही दोन्ही दारे आहेत. 14416 या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर देशभरातून विनामूल्य बोलता येते.

रसाचा पेला त्या घटकेपुरता तोल सावरतो. रिकामे कोठार भरायला आहार आणि मनाचे उपचार दोन्ही लागतात, आणि त्याची सुरुवात घरातल्या कोणीतरी न रागावता ‘तू जेवत का नाहीस?’ असे विचारून उत्तर ऐकून घेण्यापासून होते.