आंग्र्यांशी लढलेले दोन इंग्रज अॅडमिरल

मराठी आरमाराविषयीच्या आपल्या लेखनात कान्होजी, संभाजी आणि तुळाजी यांची व्यक्तिचित्रे बऱ्याच तपशिलाने आढळतात. त्यांच्यासमोर उभा ठाकलेला इंग्रज सेनानी मात्र ‘अॅडमिरल’ किंवा ‘कमोडोर’ एवढ्या उपाधीतच संपतो. ही उपाधी कोणास व कशी मिळत असे, हे ध्यानात घेतल्यावाचून १७५६ साली विजयदुर्गाखाली काय घडले याचा पुरता उलगडा होत नाही. या दृष्टीने थॉमस मॅथ्यूज आणि चार्ल्स वॉटसन या दोघांची चरित्रे ताडून पाहण्याजोगी आहेत. पहिल्याने कुलाब्यापुढे हार खाल्ली, तर दुसऱ्याने विजयदुर्ग घेतला. तथापि अॅडमिरलपद दोघांनाही लाभले.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर जेम्स हा कंपनीच्या मुंबई मरीनचा नोकर होता. राजाच्या आरमाराच्या ज्येष्ठतायादीत त्याचे नाव नव्हते. त्यामुळे कितीही पराक्रम केला तरी त्या यादीतील अॅडमिरलपद त्याच्या वाट्यास येणे शक्य नव्हते. मॅथ्यूज व वॉटसन हे मात्र राजाचे अधिकारी होत.

राजाच्या आरमारात उमेदवाराने किमान सहा वर्षे समुद्रावर काढून परीक्षा द्यावी, तेव्हा तो लेफ्टनंटपदास पात्र ठरे. तेथून कप्तानपदापर्यंतची वाट वशिल्याची. योग्यतेइतकाच वरिष्ठांचा लोभही तेथे उपयोगी पडे. पण एकदा कप्तान म्हणून नाव यादीत चढले की पुढील बढती ज्येष्ठतेने होई. वरची नावे मृत्यूने वा निवृत्तीने गळत जावीत आणि खालचा मनुष्य आपोआप वर सरकावा, असा हा क्रम होता. अॅडमिरलांच्याही लाल, पांढऱ्या व निळ्या निशाणांप्रमाणे नऊ पायऱ्या असत. काम नसेल तेव्हा अर्ध्या पगारावर घरी बसावे लागे, परंतु यादीतील जागा जात नसे. वृद्ध कप्तानांना हुद्दा देऊन, जहाजे न देता निवृत्त करण्याची युक्ती १७४७ मध्ये निघाली.

मॅथ्यूज १७०३ मध्ये कप्तान झाला. १७२१ च्या अखेरीस त्याने गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयसह कुलाब्यावर स्वारी केली. शाहू महाराजांनी पाठविलेल्या पिलाजी जाधवांच्या आणि बाजीरावांच्या फौजेपुढे ती फसली, व पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून इंग्रजांना एकटे पाडले. मोहिमेत हजर असलेला क्लेमंट डाउनिंग सांगतो, की एका मराठा स्वाराने कमोडोरच्या मांडीत भाला खुपसला. संतापून मॅथ्यूजने त्याचा पाठलाग केला, पण पिस्तुले भरलेलीच नव्हती! इंग्लंडात परतल्यावर, राजाच्या जहाजांवरून खासगी व्यापार केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्यास दंड केला. असा मनुष्य कायमचा बाजूस पडला असता तर नवल नव्हते. परंतु १७४२ मध्ये तो भूमध्य समुद्रातील आरमाराचा मुख्य झाला. फेब्रुवारी १७४४ मधील तुलाँच्या लढाईत त्याचा दुय्यम लेस्टॉक मागेच राहिला, आणि चौकशीअंती लेस्टॉक निर्दोष सुटून मॅथ्यूज १७४७ मध्ये बडतर्फ झाला. कुलाब्याच्या अपयशाने जे झाले नाही, ते तुलाँने केले.

त्याच तुलाँच्या लढाईत ‘ड्रॅगन’ जहाजाचा कप्तान होता वॉटसन. १७१४ चा जन्म, १७२८ मध्ये आरमारात प्रवेश, १७३८ मध्ये कप्तानपद. त्याचा नातलग सर चार्ल्स वेजर त्या काळी आरमारखात्याचा मुख्य होता, हे या वेगाचे एक कारण होय. मात्र १७४७ च्या फ्रेंचांविरुद्धच्या दोन्ही मोठ्या लढायांत त्याने चांगली कामगिरी केली, हेही विसरून चालणार नाही. १७४८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो रिअर अॅडमिरल झाला आणि १७५४ मध्ये पूर्वेकडे निघाला.

विजयदुर्गची मोहीम पेशवे व मुंबईकर इंग्रज यांची संयुक्त होती. लढाईपूर्वीच मुंबईत लुटीचे वाटे हुद्द्यांनुसार ठरले. वॉटसनला बारावा हिस्सा मिळायचा होता; क्लाइव्हला जहाजाच्या कप्तानाइतकाच वाटा ठेवल्याने लष्करी अधिकारी रुसले, तेव्हा वॉटसनने आपल्या वाट्यातून भरपाई देऊ केली. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी बंदरात एका जहाजावर गोळा पडून आग लागली आणि गुराबा-गलबतांसह तुळाजीचे सारे आरमार जळाले. (देवगाव रंगारीसारख्या समुद्रापासून दूरच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सांगावयाचे, की गुराब हे तोफा वाहणारे मोठे जहाज, तर गलबत हे त्याहून लहान, चपळ व वल्ह्यांनीही चालणारे.) दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांच्या लुटीतून पेशव्यांस काही मिळाले नाही. किल्लादेखील ऑक्टोबरातील तहानंतरच, बाणकोटच्या मोबदल्यात, त्यांच्या हाती आला.

पेशव्यांनी स्वतःच मराठी आरमार बुडविले, हा आक्षेप येथूनच निघतो. तो निराधार नाही, पण माझ्या मते अपुरा आहे. सरखेलीची वस्त्रे छत्रपतींनी द्यावयाची खरी, परंतु ती आंग्रे घराण्याबाहेर जात नसत. जहाजे, किल्ले आणि खलाशी त्या घराण्याशीच बांधलेले होते. कान्होजीच्या १७२९ मधील मृत्यूनंतर पुत्रांत कलह झाला, आणि मानाजी कुलाब्यास व संभाजी विजयदुर्गास असे आरमाराचे दोन तुकडे पडले. संभाजीमागून आलेल्या तुळाजीचे आरमार जळाले तेव्हा त्याच्या जागी दुसरे पाठवू शकेल असे कोणतेही खाते पुण्यास वा साताऱ्यास नव्हते. उलट वॉटसनची जहाजे त्याची नव्हती. तो लगेच मद्रासेस व तेथून बंगालला गेला. कलकत्ता व चंद्रनगर घेऊन १६ ऑगस्ट १७५७ रोजी तापाने वारला, आणि त्याचा दुय्यम पोकॉक याने तेच आरमार त्याच दिवसापासून चालविले.

तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच मरण पावला. कुलाब्याची गादी पुढे ऐंशीहून अधिक वर्षे टिकली; औरस वारस न उरल्याचे कारण दाखवून कंपनी सरकारने ती १८४० मध्ये खालसा केली.